सेकंडहँड फायबर बोट घेतली, पण ४० हॉर्सपॉवरचं इंजिन ओढतच नाही

खाडीकाठ
नमस्कार. देवबागात घर आहे, कर्ली खाडीच्या अगदी कडेला. घरच्यांना फिरवायला, सकाळी गरी टाकायला आणि वेळ पडली तर मालवणहून सामान आणायला म्हणून एक जुनी फायबरची बोट घेतली. लांबी १८ फूट. मागे जपानी बनावटीचं टू-स्ट्रोक इंजिन: ४० हॉर्सपॉवर, दोन सिलेंडर, दोरी ओढून चालू करायचं, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं.

त्रास असा आहे. दुसऱ्या ओढीला इंजिन चालू होतं. न्यूट्रलला आवाज स्वच्छ, गिअर नीट पडतो, अर्ध्या थ्रॉटलपर्यंत काही तक्रार नाही. त्यापुढे थ्रॉटल कितीही दिला तरी आवाज नुसता जाड होतो, नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर जाते, मागची बाजू पाण्यात रुतते आणि बोट पाण्यावर उठतच नाही. मोबाईलच्या जीपीएसवर ११ नॉट (तासाला ११ सागरी मैल) दिसतात, तेही दोनच माणसं आणि सामान काहीच नसताना. चुलतभावाची साधारण अशीच बोट ह्याच ताकदीच्या इंजिनावर २० च्या आसपास जाते.

एका मेकॅनिकने कार्बोरेटर बदलायला सांगितलं. दुसरा म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. दोघांनीही बोट पाण्यात चालवून पाहिलेली नाही. खर्चाला ना नाही, पण नेमकं काय बिघडलंय हे कळल्याशिवाय इंजिनाला पाना लावायचा नाही असं ठरवलंय. पावसाळ्याआधी हातात दोन महिने आहेत. कुठून सुरुवात करू?

मशीनवाला_वेंगुर्ला
पाना लावला नाहीत हे फार बरं केलंत. हे काम मी रोज करतो. "ओढत नाही" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या इंजिनांमध्ये कितीतरी वेळा इंजिन धडधाकट निघतं, आणि दोष टाकीत, पाइपात, पंख्यात (प्रोपेलरमध्ये) किंवा होडीत असतो.

आधी आकडा हवा. तुमच्या बोटीला आरपीएमचा काटा नसणार. प्लगच्या वायरीला वेटोळे घालून चालणारा छोटा टॅकोमीटर मिळतो, तो आणा. टू-स्ट्रोकला प्रत्येक फेरीला एक ठिणगी पडते, त्याप्रमाणे सेटिंग ठेवा, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसेल. ह्या वर्गातल्या बऱ्याच इंजिनांना पूर्ण थ्रॉटलवर ४५०० ते ५५०० आरपीएम मिळायला हवेत. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

मग इंजिन बंद ठेवून कव्हर काढा. एकाने कंट्रोलचा दांडा पूर्ण पुढे ढकलायचा, दुसऱ्याने कार्बोरेटरच्या तोंडाशी टॉर्च लावून बटरफ्लाय, म्हणजे आतली गोल झडप, बघायचा. तो पूर्ण आडवा, म्हणजे पूर्ण उघडा झाला पाहिजे. केबल जुनी झाली की दांडा शेवटपर्यंत जातो, पण बटरफ्लाय पाऊणच उघडतो. ह्या एका तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि ती कोणी करत नाही. गिअर टाकायला दांडा जड गेला तर मागे कोणीतरी हाताने पंखा फिरवा. प्लगच्या टोप्या काढून ठेवल्याशिवाय पंख्याला हात लावायचा नाही.

त्यानंतर फुग्याची परीक्षा. बोट पूर्ण थ्रॉटलवर पळत असताना दुसऱ्या माणसाने पेट्रोलच्या पाइपातला रबरी फुगा दाबत राहायचं. आरपीएम चढले तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. फुगा आपोआप चपटा होत असेल तर अडथळा फुगा आणि टाकी ह्यांच्या मध्ये आहे.

खाडीकाठ
धन्यवाद. बटरफ्लाय पूर्ण उघडतो, स्वतः पाहिलं. टॅकोमीटर सिंधुदुर्गात कुठे मिळाला नाही, ऑनलाइन मागवलाय. तो आला की फुग्याचं करतो.

रापणकर
बाबू, मशीन उघडू नको. पयल्यान माका सांग, होडी पाण्यात किती बसता? जुनी रेघ खय आसा आणि आता पाणी खय लागता ता बघ.

खाडीकाठ
काका, रेघ म्हणजे बुडाच्या रंगाची कडा ना? ती नीट पाहून सांगतो.

ऋतुजा_पी
मी रत्नागिरीत असते, शिक्षणाने मेकॅनिकल. वडिलांची बोट असल्यामुळे ह्या गोष्टींशी लहानपणापासून संबंध आहे. दोन गोष्टी जोडते.

पहिली सावधगिरीची. तुमचं ऑइल पेट्रोलबरोबरच इंजिनात जातं. म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल कमी पडलं तर ऑइलही कमी पडतं, आणि मिश्रण पातळ झाल्याने पिस्टनचा माथा जास्त तापतो. दोन्ही एकदम होतं. म्हणून कारण सापडेपर्यंत पूर्ण थ्रॉटल आकडा बघण्यापुरताच द्या, लगेच कमी करा. नीट असलेल्या रिंगा चाचण्या करता करता घालवायच्या नाहीत.

दुसरी, वेग मोजण्याची पद्धत. खाडीत भरती-ओहोटीचा ओढा असतो. एकाच दिशेला मोजलेला आकडा कामाचा नाही. जाताना आणि येताना दोन्हीकडे मोजा आणि सरासरी घ्या. तो आकडा, आरपीएम, पंख्यावर कोरलेला पिच (न घसरता एका फेरीत पंखा किती इंच पुढे जाईल तो आकडा) आणि इंजिनाचं गिअर प्रमाण (पंख्याच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या), एवढं इथे द्या. त्यावरून बरंच कळतं.

अलिबागचा_नील
मला वाटतं कार्बोरेटरच असणार. माझ्या ९.९ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला असंच झालं होतं, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) साफ केल्यावर पळायला लागलं.

मशीनवाला_वेंगुर्ला
नीलभाऊ, असू शकतं. पण जेट तुंबलं असतं तर साधारणपणे मंद चालीवरही कुरकुर दिसते, चोक ओढल्यावर फरक पडतो, चालू व्हायला त्रास होतो. इथे दुसऱ्या ओढीला चालू होतंय आणि मंद चाल स्वच्छ आहे. कार्बोरेटर शेवटच्या रांगेत ठेवू.

खाडीकाठ
टॅकोमीटर आला. सकाळी मतलई (जमिनीकडून येणारा) वारा पडल्यावर, पाणी सपाट असताना, भावाला घेऊन गेलो. संगमाकडे गेलो नाही, खाडीतच वरच्या अंगाला.

पूर्ण थ्रॉटल: ३४०० आरपीएम. दोन्ही दिशांची सरासरी ११ नॉट. पंख्यावर पिच १४ लिहिलंय. गिअर प्रमाण मॅन्युअलप्रमाणे २.००.

आता फुगा. थ्रॉटल दिल्यावर थोड्याच वेळात तो हळूहळू चपटा होत गेला, दोन्ही बाजू आतून चिकटल्या. भावाने दाबायला सुरुवात केली तेव्हा आवाज लगेच मोकळा झाला आणि काटा ४००० च्या वर गेला. दाबणं थांबवलं की परत खाली.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पूर्ण सैल करून पाहिला, झाकण काढूनही पाहिलं, काही फरक नाही.

मशीनवाला_वेंगुर्ला
झालं तर. इंजिनाचा पंप ओढतोय, पण टाकीकडून येत नाही. झाकण काढूनही फरक नाही म्हणजे हवेचं छिद्र सुटलं. उरली टाकीतली ओढनळी, तिची जाळी आणि टाकी ते फुगा हा पाइप.

सगळ्यात सोपा मार्ग: एक स्वच्छ कॅन, त्यात ताजं पेट्रोल आणि मोजून ऑइल, नवा पाइप, नवा फुगा, आणि थेट इंजिनाला जोडून पळवा. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. कॅन घट्ट बांधा, विडी-सिगरेट कोणी नको. बोट नीट पळाली तर कार्बोरेटर, पंप, रिंगा सगळ्यांना एका फेरीत निर्दोष मानता येईल. मी कोणाचंही इंजिन उघडण्याआधी हे करतोच.

आणि जुन्या टाकीतलं तळाचं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून रात्रभर स्थिर ठेवा.

ऋतुजा_पी
बाटलीची चाचणी नक्की करा. कारण सांगते, हे आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांनीच लक्षात घेण्यासारखं आहे.

आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. २०२३ मध्ये त्याची विक्री सुरू झाली आणि आता तेच सगळीकडे आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. थोडं पाणी त्यात विरघळून राहतं आणि इंजिनातून जळूनही जातं. मर्यादेपलीकडे पाणी झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडतं, पाण्याबरोबर वेगळं होतं आणि तळाला बसतं. टाकीतली ओढनळी तळालाच असते. आपल्यासारख्या मिश्रणाच्या इंजिनात धोका आणखी मोठा आहे, कारण ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. इंजिनात जातो तो खालचा, जवळजवळ बिनऑइलचा थर. मोटरसायकलची टाकी आठवड्यात संपते, म्हणून तिला हे सहसा जाणवत नाही. बोटीची टाकी अर्धी भरून महिनोन्‌महिने दमट हवेत पडून राहते.

दुसरा परिणाम जुन्या रबरावर. इथेनॉलसाठी न बनवलेल्या पाइपाचं आतलं अस्तर फुगतं, सुटतं. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो आणि आत ओढ बसली की अस्तर मिटतं. कमी चालीवर ओढ कमी, म्हणून तेव्हा कळत नाही. तुमची लक्षणं ह्याच्याशी जुळतात.

खाडीकाठ
दोन्ही झालं.

बाटलीत सकाळी सरळ रेघ होती. वर ऑइलमुळे निळसर पेट्रोल, खाली बोटभर बिनरंगाचा थर. विकणारा म्हणाला होता टाकी "भरूनच" देतोय. हे पेट्रोल मागच्या पावसाळ्याआधीचं असावं. टाकीच्या झाकणाचा वॉशर चिरलेला आहे, त्यातून पावसाचं पाणी गेलं असणार.

मग पाइप कापला. टाकीपासून हातभर अंतरावर आतलं काळं अस्तर सुटून अर्धगोल दुमडलेलं होतं. बाहेरच्या थराला बोटाने दाबलं तर आतला थर वेगळा सरकतो. बाहेरून पाइपाला एक चीरही नाही.

नवा पाइप, नवा फुगा, ताजं पेट्रोल. फुगा आता टणक राहतो. आकडे: ४१०० आरपीएम, सरासरी १४.५ नॉट.

सुधारलं आहे, पण बोट अजून नीट उठत नाही. नाळ वरच. आता काय?

अलिबागचा_नील
म्हणजे आता कार्बोरेटर!

ऋतुजा_पी
नीलदादा, थोडं थांबा, आकडे काय म्हणतात ते बघू.

पंखा पाण्यात घसरला नसता तर बोट किती पळाली असती हे काढता येतं. आरपीएम गुणिले पिच, आणि त्याला गिअर प्रमाण गुणिले १२१५ ने भागायचं. उत्तर नॉटमध्ये येतं. १२१५ हा आकडा इंच आणि मिनिटांचं नॉटिकल मैल आणि तासात रूपांतर करण्यासाठी आहे.

सुरुवातीला: ३४०० गुणिले १४ भागिले २४३०, म्हणजे १९.६ नॉट. प्रत्यक्षात ११. घसरण ४४ टक्के.
आता: ४१०० वर २३.६ नॉट. प्रत्यक्षात १४.५. घसरण ३९ टक्के.

अशा हलक्या बोटीला नीट उठल्यावर घसरण साधारण १५ ते २० टक्के असावी. पेट्रोलचा दोष काढला, आरपीएम ७०० ने वाढले, आणि घसरण मात्र फारशी हलली नाही. इंजिन नुसतं कमजोर असेल तर आरपीएम कमी राहतात, वेग कमी राहतो, पण ४० टक्के घसरणीचं कारण इंजिनाच्या आत सापडत नाही. ते पंख्यात किंवा बोटीत असतं. एक तर पंख्याचा आतला रबरी बुश घसरतोय, किंवा इंजिनाची उंची चुकून पंखा हवा ओढतोय, किंवा बोट जड आहे, किंवा बूड घाण आहे.

रिंगांची शंका एकदाची मिटवण्यासाठी कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) मात्र बघून घ्या. गेज स्वस्त आहे.

मशीनवाला_वेंगुर्ला
ताईंचं गणित पटलं. बुश तपासायला काही खोलावं लागत नाही. पंख्याच्या मधल्या भागापासून बाहेरच्या भागापर्यंत परमनंट मार्करने एक सरळ रेघ मारा. बोट दमात पळवून आणा. रेघ तुटून दोन तुकडे पुढेमागे झाले असतील तर बुश घसरतोय. बुश घसरताना आरपीएम एकदम वर जातात आणि बोट पुढे जात नाही. तुमचे आरपीएम कमीच आहेत, म्हणून मला बुश वाटत नाही, पण रेघ मारून बघा.

उंची: बोट वर ओढलेली असताना बुडाला सरळ फळी लावून मागे न्या. पंख्याच्या वरची आडवी प्लेट फळीच्या पातळीत किंवा इंचभर वर असावी. फार खाली असेल तर नुसतं पाणी ओढत नेते, फार वर असेल तर पंखा हवा घेतो.

कॉम्प्रेशन घेताना दोन्ही प्लग काढा, टोप्या इंजिनाच्या बॉडीला जोडून अर्थिंग द्या, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि गेज चढायचं थांबेपर्यंत दोरी ओढा. दोन्हीतला फरक १० टक्क्यांच्या आत असला की मी पुढे जातो.

खाडीकाठ
कॉम्प्रेशन ११८ आणि ११५. म्हणजे रिंगा ठीक.
रेघ जागच्या जागी, अखंड.
प्लेट फळीपासून अर्धा इंच वर.
बूड घासून घेतलं होतं, कालवं किंवा शेवाळ काही नाही. इंजिनाच्या तिरकेपणाची पिन आतल्या भोकात टाकून पाहिली, नाळ किंचित खाली आली, वेगात अर्ध्या नॉटचा फरक.

आणि रापणकर काका, तुमची रेघ. बुडाच्या निळ्या रंगाची वरची कडा मागच्या बाजूला पाण्याखाली चार बोटं आहे. पुढे कडा पाण्याच्या वर आहे. बोट रिकामी, नुसतं इंजिन आणि अर्धी टाकी.

रापणकर
मगे झाला. होडी पाणी पिलेली आसा. आमच्या सरजेकोटाक अशे दोन होडये बघितलंय. वरसून सुकी दिसता, आत पाणी. फळी कापून बघ. नायतर आधी काट्यार घाल.

मशीनवाला_वेंगुर्ला
काका बरोबर सांगतायत. ह्या फायबर बोटींना दुहेरी तळ असतो. खालचं बूड, वर पायाखालचा डेक, मध्ये फोम ओततात, म्हणजे पाणी भरलं तरी बोट बुडू नये. फोम चांगला असतो तोवर पाणी घेत नाही. पण वर्षानुवर्षं लाटांवर आपटून तो चुरतो, डेकच्या स्क्रूच्या भोकांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. मग तो भिजतच राहतो. उन्हात बोट उलटी घातली तरी सुकत नाही.

वजन करा. वाळू-चिऱ्याच्या गाड्या जिथे वजन करतात त्या काट्यावर टेम्पो आधी रिकामा, मग बोटीसकट.

खाडीकाठ
कुडाळला जाऊन वजन केलं. इंजिन आणि टाकी उतरवून ठेवली होती. बोट ६९० किलो. जुन्या कागदांत रिकाम्या बोटीचं वजन ४५० लिहिलंय.

म्हणजे २४० किलो जास्त. चार मोठी माणसं कायम मागच्या बाजूला बसलेली असल्यासारखं झालं की हे.

ऋतुजा_पी
तेही मागच्याच बाजूला, म्हणून नाळ वर. पाण्यावर उठण्याचा जो क्षण असतो तिथे इंजिनाला सगळ्यात जास्त जोर लागतो. वजन मागे असेल तर बोट तो चढ पार करतच नाही. इंजिन पूर्ण ताकद लावूनही ४१०० ला अडकणं आणि घसरण ३९ टक्के राहणं, दोन्हीचा अर्थ आता लागतो.

एक विनंती. ही बोट दुरुस्त होईपर्यंत संगमाच्या बाहेर नेऊ नका. कर्लीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे, ओहोटीला तिथे लाट उभी राहून फुटते. तिथून निघायला वेग हाताशी लागतो. मागे बसलेली बोट फुटत्या लाटेकडे पाठ करून सापडली तर पाणी थेट मागच्या फळीवरून आत येतं. शिवाय ओला फोम बोट तरंगती ठेवत नाही. हे मी अगदी काळजीने लिहितेय.

खाडीकाठ
ताई, नाही नेणार. घरातली लहान मुलंही ह्याच बोटीत बसणार आहेत.

नीलांबरी_दापोली
आम्ही पण जुनी बोट बघतोय हर्णैला, म्हणून हा धागा पहिल्यापासून वाचतेय. विकत घ्यायच्या आधीच हे ओळखता येतं का?

मशीनवाला_वेंगुर्ला
येतं. बोट पाण्यात रिकामी असताना रंगाची कडा पाण्याच्या तुलनेत कुठे आहे ते पुढे-मागे, डावी-उजवीकडे बघा. डेकवर टाच आपटत चाला. आवाज एकदम बदलला, किंवा पाय किंचित आत गेला, तर तिथे ओल आहे. मागच्या फळीवर, जिथे इंजिन लटकतं, प्लास्टिकच्या हातोडीने टिचक्या मारा. कोरड्या फळीचा आवाज खणखणीत येतो, सडलेलीचा दबका. ती फळी सडलेली असेल तर बोट घेऊच नका, कारण इंजिन फळीसकट समुद्रात गेल्याचं मी पाहिलंय. गिअरचं ऑइल थोडं काढून बघा, दुधाळ असेल तर सील गेलंय. इंजिनातून पाण्याची बारीक धार पडते ती जोरदार आहे का बघा, मिठाने नळ्या तुंबल्या की ती मंदावते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्यात पूर्ण थ्रॉटलवर चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणारा "इथेच चालू करून दाखवतो" म्हणाला तर उठून या. न्यूट्रलला इंजिनावर भारच नसतो.

कागदांचंही बघा. नोंदणी आपल्या नावावर झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मासेमारीची बोट असेल तर मत्स्यव्यवसाय खात्याकडे, प्रवासी किंवा पर्यटनाची असेल तर सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात चौकशी करा.

नीलांबरी_दापोली
खूप आभार. रविवारी हातोडी घेऊनच जाते.

खाडीकाठ
आज डेकला भोक पाडलं. मागच्या बाजूला, बैठकीखाली, जिथे खालचा भाग सगळ्यात खोल आहे. ड्रिल फायबरमधून आरपार गेलं, मग मऊ काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर टोकाला पिवळट भुगा चिकटलेला, ओला. पाठोपाठ भोकातून काळपट पाणी वर आलं, कुजका वास. बोट मागे कलती ठेवली होती, पाणी संथ वाहतच राहिलं. खाली बादली लावली, ती भरली, दुसरी लावली.

भोकात वाकडी तार घालून फोमचा तुकडा ओढून काढला. मुठीत दाबला तर पाणी गळलं.

फायबरचं काम करणारा कारागीर गावात आहे, त्याला दाखवलं. तो म्हणतो मागचा अर्धा डेक कापावा लागेल, पुढचा भाग कोरडा आहे. मागची फळी त्याने ठोकून पाहिली, ती शाबूत आहे.

ऋतुजा_पी
फोम काढल्यावर ती जागा रिकामी सोडू नका, कारागिराने कितीही सांगितलं तरी. पाणी भरलं तर बोट तरंगती ठेवणारं तेच आहे. बंद पेशींचा (आत पाणी न शोषणारा) नवा फोम भरा, आणि त्याच्याखाली पाणी मागे वाहून यायला एक मोकळी नाळी ठेवा, तिच्या टोकाला मागच्या फळीत बूच. म्हणजे पुढे कधी ओल गेली तरी बोट वर ओढल्यावर बूच काढून पाणी सोडता येईल. डेक परत बसवताना प्रत्येक स्क्रूच्या भोकात सीलंट.

रापणकर
बूच पितळेचा घाल. आणि पाण्यात सोडताना घट्ट लावलंय की नाय ता बघ.

खाडीकाठ
बरेच दिवसांनी लिहितोय. कापलेल्या डेकखाली फोमचा थर हाताने सोलून निघाला, पोती भरली. तळ आठवडाभर सुकवला, मग नवा फोम, नाळी, पितळी बूच, डेक. कारागिराने मनापासून काम केलं.

काट्यावर परत नेली: ४६० किलो.

आणि पाण्यात, जुन्याच १४ पिचच्या पंख्यावर: ४४०० आरपीएम, सरासरी १९ नॉट. थ्रॉटल दिल्यावर नाळ वर गेली, क्षणभर थांबली आणि खाली येऊन बोट सपाट झाली. भाऊ ओरडलाच. आई किनाऱ्यावर उभी होती, तिला तिथूनही फरक कळला.

अलिबागचा_नील
मनापासून अभिनंदन! कार्बोरेटरचा हट्ट मी सोडला. माझ्या बोटीचीही रेघ आज पाहून आलो, ठीक आहे.

ऋतुजा_पी
फार आनंद झाला. ४४०० वर हिशोबाने २५.३ नॉट, प्रत्यक्षात १९, म्हणजे घसरण २५ टक्के. बोटीचा दोष गेला. पण आरपीएम अजून ४५०० च्या खाली आहेत, आणि तेही दोनच माणसं असताना. घरचे सगळे बसले की ते आणखी उतरतील. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन आपल्या पट्ट्याच्या खाली राबत राहिलं की त्यावर ताण येतो, कार्बन साठतो. आधीच्या मालकाने हलक्या बोटीच्या हिशोबाने १४ चा पंखा लावला असावा. पिच एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. तुमच्या वापराला १२ बसेल असं वाटतं.

मशीनवाला_वेंगुर्ला
१२ च. माझ्याकडे त्याच व्यासाचा एक आहे, आधी लावून बघा, पटला तर ठेवा. १४ चा टाकू नका, सुटा पंखा आणि एक कॉटर पिन बोटीत कायम असू द्या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडक इतके आहेत की कधी लागेल सांगता येत नाही.

खाडीकाठ
दादांकडचा १२ चा पंखा लावला. दोन माणसं: ४९०० आरपीएम, २० नॉट. पाच माणसं आणि भरलेली टाकी: ४६००, १७ नॉट, तरी बोट उठते. ताई, तुमच्या गणिताने दोन माणसांवर घसरण १७ टक्के येते, मी स्वतः काढली.

प्लग काढून पाहिले, दोन्ही सारखे, फिकट तपकिरी. पाण्याची धार जोरदार.

पंख्याचे पैसे उद्या वेंगुर्ल्याला येऊन देतो. आता एकच प्रश्न. मे अखेरीला बोट वर ओढणार. टाकीतलं पेट्रोल काय करू, भरून ठेवू की रिकामी करू?

मशीनवाला_वेंगुर्ला
रिकामी करा. उरलेलं पेट्रोल आत्ताच वापरून टाका, चार महिने ठेवायचं नाही. शेवटच्या फेरीनंतर गोड्या पाण्यावर इंजिन चालवा, मीठ धुऊन निघू दे. मग पाइप काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरची वाटी बरीचशी रिकामी होते. उरलेलं तळाचा स्क्रू सोडून काढा. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल दोन्हीकडे टाकून दोरी हळू ओढा. गिअरचं ऑइल नवं भरा, जुनं नाही. इंजिन उभंच ठेवा. झाकणाचा वॉशर बदललात ना?

खाडीकाठ
बदलला. बूचही काढून ठेवणार आहे, आणि तेही कंट्रोलच्या दांड्याला बांधून, म्हणजे ऑगस्टमध्ये ते लावल्याशिवाय बोट पाण्यात जाणार नाही.